मुळांची वही, आठवडा १३: हेलिकॉप्टर कुठे तोडायचं?

इंग्रजी शब्दांची ग्रीक-लॅटिन मुळं मी या वहीत जमवते. ती झाली ६४. त्यांतली न बघता सांगता येतात ती ४१, बाकीची नुसती वहीत पडून आहेत.

या आठवड्यात पाच नवी घ्यायची ठरवली होती, झालं एकच. भाचा त्याच्या ड्रोनला क्वाडकॉप्टर म्हणाला आणि मी तिथेच अडकले. क्वाड म्हणजे लॅटिन चार, ते ठीक. पण 'कॉप्टर' हे मूळ कुठल्याच यादीत सापडेना. सापडणार कसं, ते मूळच नाही! हेलिकॉप्टरचा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे. ग्रीक हेलिक्स म्हणजे मळसूत्र, प्टेरॉन म्हणजे पंख. १८६१च्या सुमारास एका फ्रेंच माणसानं हा शब्द जुळवला. पुढे लोकांनी तो भलत्याच जागी मोडला, त्यातून हेलिपॅडही निघालं आणि कॉप्टरही.

हाच पंख टेरोडॅक्टिलमध्ये आहे: पंख अधिक बोट. शाळेत स्पेलिंग पाठ करताना ज्या न उच्चारायच्या 'पी'ला शिव्या घातल्या, तो पंखाचा निघाला.

मग मजा सुरू झाली. प्टेरॉन आणि आपलं पत्र एकाच घरातले. संस्कृतात पत् म्हणजे उडणं, पडणं. पत्र आधी पंख, मग पान, मग चिठ्ठी. लॅटिन पेन्ना म्हणजे पीस, त्यावरून पेन, आणि तेही याच कुळातलं. अस्सल इंग्रजी शब्दांत मूळचा 'प' 'फ' होतो (पाद आणि फुट आठवा), म्हणून फेदरही यातच. म्हणजे पेननं पत्र लिहिलं की पिसानं पिसावर लिहिलं. हे पान मी दोनदा सुवाच्य काढलं, उगाच.

संस्कृत येतं म्हणून चढून जाऊ नये, हेही कळलंय. नवव्या आठवड्यात देव, लॅटिन देउस आणि ग्रीक थेऑस एका ओळीत लिहिले होते. देव आणि देउस सख्खे. थेऑस मात्र वेगळ्याच धातूचा. डिव्हाइन एकीकडे, थिऑलॉजी दुसरीकडे. ती ओळ लाल पेननं खोडली. आता कोशात बघेपर्यंत नातं पेन्सिलनंच लिहिते.

पुढच्या आठवड्यात 'पेड'. लॅटिन पाय आणि ग्रीक मूल एकाच स्पेलिंगात बसलेत. पेडेस्ट्रियन आणि पीडियाट्रिशियन वेगळ्या पानांवर टाकायचेत. ब्रिटिश स्पेलिंगात मुलांच्या डॉक्टरला एक जादा 'ए' असतो, तूर्त तेवढीच खूण हाताशी आहे.