टोपीकरांच्या टोपीची वखार

"बाबा, उद्या किल्ला बघायला जायचंय," लेक म्हणाली. मी रात्रीच काठी काढून ठेवली, गूळ-शेंगदाण्यांची पुडी बांधली, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. किल्ला म्हणजे चढ, हे आमच्या हाडात बसलेलं. सकाळी माझा थाट बघून जावई काही बोलले नाहीत, फक्त हसले. का हसले ते तिथे पोचल्यावर कळलं. फोर्ट व्हँकुव्हर हा किल्ला टेबलासारख्या सपाट गवतावर उभा आहे. काठी गाडीतच राहिली.

हे व्हँकुव्हर कॅनडातलं नव्हे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, कोलंबिया नदीच्या उत्तर काठावरचं. लेक राहते ते बीव्हर्टन नदीच्या अलीकडे, ओरेगॉन राज्यात. बीव्हर हा दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. गावाच्या नावात तो आहेच, शिवाय राज्याच्या झेंड्याच्या मागच्या बाजूलाही तोच. इतका मान का, याचं उत्तर नदीपलीकडे मिळायचं होतं. पण नदीवर लाल दिवा. बोट जाणार म्हणून पुलाचा मधला तुकडा सरळ वर उचलला होता. १९१७ सालचा पूल आहे. वीस मिनिटं गाडीत बसून निम्मे शेंगदाणे तिथेच संपले.

किल्ल्याला तट म्हणजे पंधरा फुटी लाकडी सोट, एकाला एक लावून उभे पुरलेले. लांबी ७३४ फूट, रुंदी ३१८. लाकूड डग्लस फर नावाच्या झाडाचं आणि आतला धंदाही फरचा, म्हणजे जनावरांच्या केसाळ कातड्यांचा. माझी नात (वय वर्षं आठ) या योगायोगावर इतकी खूश झाली की दिवसभर 'फरसाठी फरचा किल्ला' असं गाणं चाललं होतं. एका कोपऱ्यात लाकडीच बुरूज, वरचा मजला अष्टकोनी. तो १८४५ मध्ये, म्हणजे किल्ला वसल्यावर वीस वर्षांनी बांधला. त्यावरून रागाने एकही गोळा सुटला नाही, बोटींना सलामी मात्र दिली गेली.

आत गेलो आणि पाच मिनिटांत माझ्या डोक्यातला 'किल्ला' गळून पडला. हिशेबाची कचेरी, मालाची कोठारं, लोहारकाम, सुतारकाम, भटारखाना, मुख्य अधिकाऱ्याचं घर. अहो, ही तर वखार! मी राजापूरचा. अर्जुनेच्या काठी इंग्रजांची वखार होती. तिथल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागल्या आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापुरात येऊन वखार खणून काढली, हे आम्ही शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेलं. इथल्या साहेबाचा हुद्दा 'चीफ फॅक्टर'. म्हणजे वखारीचा मुख्य.

कंपनी वेगळी, पण राजा एकच. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, त्याच चार्ल्सने हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख हडसन्स बे कंपनीला सनद करून दिला. आजच्या भारतापेक्षा मोठा प्रदेश! भाडं काय? राजा त्या मुलखात कधी आला तर दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर. राहणाऱ्यांना दोन्हीकडे कुणी विचारलं नव्हतं. पुढे कंपनीचा व्यापार डोंगर ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचला आणि १८२५ मध्ये ही वखार थाटली. सध्याच्या जागी ती आली १८२९ मध्ये.

फरच्या कोठारात जुन्या वेषातल्या एका बाईंनी बीव्हरचं कातडं माझ्या हातात दिलं. वरचे केस राठ, झाडूच्या हिरासारखे. "फुंकर मारा," त्या म्हणाल्या. मारली, तर केस बाजूला झाले आणि खाली करड्या लवेचा असा दाट थर, की बोट आत बुडालं आणि कातडं लागेचना. सगळा धंदा या लवेचा. माझी समजूत, फर म्हणजे मडमांचे कोट. पण बीव्हर जायचा टोप्यांत. या लवेच्या केसांना बारीक खवले असतात. वाफ आणि दाब दिला की ते एकमेकांत अडकतात आणि विणल्याशिवाय घट्ट नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, तयार होतो. पाऊस पडला तरी टोपी आकार सोडत नाही. हे करताना पारा वापरायचे, त्याने टोपीवाल्या कारागिरांचे हात थरथरायचे, डोकी बिघडायची.

मी कातडं हातात धरून उभाच. आपल्या जुन्या कागदांत या लोकांना 'टोपीकर' म्हटलंय. आज्ञापत्रात बजावलंय की हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, वखारीला जागा देणं भाग पडलंच तर समुद्रकिनारी देऊ नका. ती टोपी इथून जायची तर! समुद्रापासून शंभर मैल आत, नदीतून गलबतांवर चढून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून लंडनला.

शेजारच्या दुकानात कातड्यांच्या बदल्यात मिळणारा माल मांडलाय. तांब्याच्या किटल्या, कुऱ्हाडी, निळे काचमणी, जाड लोकरी घोंगड्या. घोंगडीच्या कडेला लहान काळ्या रेघा होत्या. "इतकी कातडी द्यायची, असं ना?" मी शहाणपणाने विचारलं. तसं नव्हतं. रेघा घोंगडीचा आकार सांगतात. ही चूक सगळेच करतात म्हणे, म्हणून फार ओशाळलो नाही.

मुख्य अधिकारी डॉ. जॉन मॅकलॉक्लिन, सहा फुटांहून उंच, केस पांढरेशुभ्र. त्याचं घर टुमदार, ओसरीवर द्राक्षाचा वेल. त्याची बायको मार्गारेट हिची आई क्री जमातीतली. जेवणघरात निळ्या नक्षीच्या इंग्लिश ताटल्या मांडल्यात, पण त्या टेबलावर फक्त साहेब लोक बसत. बायकापोरांची पंगत वेगळी. लेक म्हणाली, "आपल्या आजोळी असंच होतं की." मी विषय बदलला.

तटाच्या आत साहेब, बाहेर कामकरी. पश्चिमेला त्यांची वस्ती होती, आज दोन घरं पुन्हा बांधलीत. फ्रेंच कॅनडियन, इरोक्वा, क्री, स्कॉटिश आणि चक्क हवाई बेटांवरचे लोक. सगळ्यांची मिळून कामापुरती बोली चिनूक जार्गन. तिच्यातला 'स्कूकम', म्हणजे दणकट, हा शब्द इकडे अजून ऐकू येतो. या नदीकाठचे मूळ रहिवासी चिनूक लोक मात्र १८३० पासूनच्या तापाच्या साथींत गावंच्या गावं मेले. तो ताप बहुधा मलेरिया. नदीच्या या पट्ट्यात दहांतले नऊ गेले असा अंदाज आहे. त्या पाटीपाशी नातीचं गाणं थांबलं.

बाहेर एक शिळा तीन जपानी खलाशांची. १८३२ मध्ये त्यांचं भाताचं गलबत वादळात भरकटलं आणि वर्षाहून जास्त काळ वाहत या किनाऱ्याला लागलं. चौदांतले तिघे वाचले. मॅकलॉक्लिनने त्यांना सोडवून इथे आणलं. त्यांना घेऊन १८३७ मध्ये जहाज जपानला गेलं, तर किनाऱ्यावरून त्यावर तोफा सुटल्या. घर काही मिळालं नाही.

खरं सांगायचं तर इथली एकही भिंत जुनी नाही. १८४६ च्या तहाने हा भाग अमेरिकेचा झाला, १८६० मध्ये कंपनी निघून गेली, १८६६ मध्ये उरलंसुरलं जळालं. १९४७ मध्ये उत्खनन सुरू झालं, तेव्हा मातीत सोटांचे कुजके बुडखे सापडले. त्या खुणांवर १९६६ पासून एकेक इमारत उठली. आधी मी नाक मुरडलं. पण इथे नव्याला नवं म्हणतात, पाटीवर साल लिहितात. आपल्याकडे तटाला सिमेंट फासून 'शिवकालीन' म्हणतात, त्यापेक्षा हे बरं. कंपनी मात्र जुनी ती जुनीच राहिली, कॅनडात दुकानं चालवत. ती २०२५ मध्ये बंद झाली.

निघताना हमरस्त्यावरचा, वर गवत लावलेला पूल ओलांडून नदीकडे गेलो. तिथे १८२६ मध्ये लावलेलं सफरचंदाचं झाड होतं, ते २०२० मध्ये वठलं. मुळांतून आलेले कोवळे कोंब तेवढे जपलेत.

"आबा, मग हे मेलंय की जिवंत आहे?"

"याला फुटवा म्हणतात," मी म्हटलं.

गाडीत बसेपर्यंत तिने त्याचं 'फुट-वॉव' करून टाकलं होतं. पूल खाली होता. उरलेले शेंगदाणे तिनेच संपवले.