पाच व्होल्टचे बारा व्होल्ट

शाळेतल्या धड्यांपैकी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा मला रोजच्या कामात लागतो. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की तिच्या टोकांशी मूळ व्होल्टेजपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज उसळतं. डीसी, म्हणजे बॅटरीसारखं एकाच दिशेचं व्होल्टेज, वाढवण्याची सगळ्यात उपयोगी पद्धत यावरच उभी आहे. विज्ञान प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींसाठी ती इथे मांडतो.

ट्रान्सफॉर्मरला थेट डीसी देऊ नका. प्रवाह बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत काहीच मिळत नाही आणि पहिली तापते. सेल एकसरीत जोडणं सोपं, पण जुने-नवे मिसळले तर दमलेला सेल उलटा चार्ज होऊन गळतो. कपॅसिटर आणि डायोडचा डबलर, म्हणजे व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट, थोड्या मिलिअँपिअरपुरता छान. त्याच्याच पायऱ्या वाढवून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये अणुकेंद्रक फोडलं. मात्र पायऱ्या वाढतील तसं भाराखाली व्होल्टेज फार झपाट्याने पडतं.

खरी मजा बूस्ट कन्व्हर्टरमध्ये आहे; सुरुवातीला सांगितलेली कॉइलची पद्धत ती हीच. मॉस्फेट (झपाट्याने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) चालू असताना इंडक्टर, म्हणजे कॉइल, ऊर्जा साठवतो. बंद होताच ती डायोडमधून आउटपुट कपॅसिटरकडे जाते. ५ व्होल्टचे १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर हवेत असं धरू. मॉस्फेट प्रत्येक आवर्तनाच्या सुमारे ६० टक्के वेळ चालू ठेवावा लागतो. आउटपुट ६ वॅट, कार्यक्षमता ८५ टक्के, म्हणजे इनपुटला १.४ अँपिअर लागणारच. व्होल्टेज वाढलं की प्रवाहाची किंमत मोजावी लागते, हे आधी कागदावर मांडा.

मॉस्फेट १०० किलोहर्ट्झला चालू-बंद केला आणि ४७ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर घेतला तर शिखरप्रवाह १.७ अँपिअरच्या आसपास जातो. म्हणून इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट, म्हणजे गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते तो प्रवाह, किमान २.५ अँपिअर बघा. गाभा सॅच्युरेट झाला की इंडक्टन्स कोसळतो, प्रवाह उसळतो आणि मॉस्फेट जळतो. मॉस्फेट लॉजिक लेव्हलचाच, म्हणजे गेटला (त्याच्या नियंत्रणाच्या पायाला) ५ व्होल्ट मिळाले की पुरता चालू होणारा हवा. साधा मॉस्फेट गेटला ५ व्होल्ट दिले तर पुरता चालू होत नाही, नुसता तापतो. डायोड शॉट्की (झटपट बंद होणारा प्रकार) घ्या, १एन५८२२ चालेल. १एन४००७ इतक्या वेगाला वेळेत बंद होत नाही. आउटपुटला कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. ब्रेडबोर्ड टाळा; मॉस्फेट, डायोड आणि आउटपुट कपॅसिटर यांचा फेरा जितका आखूड, तितके स्पाइक, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळ्या, कमी.

‘लोड लावला की बंद पडतं’ ही नेहमीची तक्रार असते. दोष बहुधा इनपुटच्या बारीक वायरचा असतो. अर्धा ओहम रोधात १.४ अँपिअरला ०.७ व्होल्ट जातात, उरलेल्या ४.३ व्होल्टवर तीच पॉवर द्यायला सर्किट आणखी प्रवाह ओढतं, व्होल्टेज आणखी बसतं. त्यामुळे मल्टीमीटर बॅटरीवर नाही, सर्किटच्या इनपुट टर्मिनलवर लावून, लोड चालू ठेवूनच मोजा.

फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज नियंत्रकाला कळवणारी, वायर सुटली तर आउटपुटचं व्होल्टेज सर्किटचे भाग फुटेपर्यंत चढत जातं. शिवाय मॉस्फेट बंद असला तरी इंडक्टर आणि डायोडमधून इनपुटची वाट आउटपुटपर्यंत मोकळीच असते. त्यामुळे आउटपुट शॉर्ट झाल्यास सर्किट स्वतःला वाचवू शकत नाही. इनपुटला २ अँपिअरचा फ्यूज घालूनच पहिल्यांदा वीज द्या.