दुसरे पेमेंट येईपर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुले येतात, कधी एखादे वडील मुलाला घेऊन येतात, आणि चहा येईपर्यंत प्रश्न निघतोच: "काका, नोकरी धरावी की स्वतःचे काही सुरू करावे?" शिरोली एमआयडीसीत नऊ वर्षे नोकरी करून मी दोन लेथवर जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर मजुरीने काम, सुरू केले, त्यामुळे माझ्याकडे उत्तर असेल असे त्यांना वाटते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: नोकरी धरा, सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या शेडवर, मालकाच्या गिऱ्हाइकाला हात न लावता, बाहेरचे छोटे काम करून पाहा, आणि त्या गिऱ्हाइकाचे दुसरे पेमेंट हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.

पहिली ऑर्डर ओळखीवर मिळते. मलाही जुन्या साहेबांच्या शब्दावर दोनशे बेअरिंग हाउसिंगचे मशिनिंग मिळाले होते. कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, गिऱ्हाइकाचे, मजुरी माझी. माल पोहोचल्यावर तिथल्या इन्स्पेक्टरने भोकाचे माप तपासायचा प्लग गेज उचलला. गो बाजू बोअरमध्ये, म्हणजे भोकात, गेली, ती जायलाच हवी. पण मागोमाग नो-गो बाजूही कुठे न अडता आत उतरली, म्हणजे बोअर मापापेक्षा मोठे झाले होते. तो काही बोलला नाही, नग बाजूला ठेवून त्याने दुसरा घेतला. असे १४० नग बाजूला गेले. बोअर गेजचे शून्य मी सकाळी एकदा लावले होते, ते मध्येच हलले आणि मी पुन्हा तपासले नव्हते. नोकरीत असताना अशी चूक म्हणजे रिजेक्शनच्या रजिस्टरमधली एक ओळ असे, तिच्यामुळे पगार अडत नसे. इथे मजुरी गेलीच, वर कास्टिंगची किंमत डेबिट नोट, म्हणजे वसुलीची चिठ्ठी, काढून पुढच्या बिलातून वळती झाली. चूक माझी होती, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पेमेंटची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ते व्याज मी एकदाही मागितलेले नाही, कारण मागितले तर पुढचे काम शेजारच्या शेडवर जाईल. शेजारीही याच भीतीने मागत नाही. इकडे बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटी भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत, आणि विजेचे बिल व दोन कामगारांचा पगार तर थांबतच नाही. म्हणून मी दुसऱ्या पेमेंटवर अडून बसतो: तुमचे माप पाहूनही गिऱ्हाइकाने पुन्हा काम दिले, आणि त्याचे पैसे येईपर्यंत तुमचे घर चालले, या दोन्ही गोष्टी त्याआधी कळत नाहीत.

घराचे म्हणाल, तर पहिली दोन वर्षे आमचे घर पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. सत्काराच्या भाषणात आम्ही सगळे धाडसाबद्दल बोलतो, घरातल्या दुसऱ्या पगाराबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तो नसेल तर वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला काढावा. मशीनच्या कर्जातून घर चालवणाऱ्यांची मशीने याच गल्लीत विकली गेलेली मी पाहिली आहेत.

नोकरीही कुठली, हे पाहावे. डिझाइनच्या थंड खोलीपेक्षा परचेस, म्हणजे खरेदी विभागात, किंवा क्वालिटीत बसावे, कारण कोणाचे बिल आधी निघते आणि कोणाचे ड्रॉवरमध्ये पडून राहते, हे तिथे रोज दिसते.

गेल्या आठवड्यात शिरोळ तालुक्यातला एक मुलगा लॅपटॉपवर पाच वर्षांच्या उलाढालीचा तक्ता घेऊन आला होता. पेमेंटचे ऐकल्यावर तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे ऊसबिलागतच की!" ऊस तुटून गेल्यावर बिलाची वाट पाहणे त्याच्या घरात आजोबांपासून चालत आले होते. तक्ता त्याने मिटला आणि परचेसमध्ये कुठे जागा आहे का, एवढेच विचारले.