तुम्ही विचारलंत म्हणून: "आपण नाही का दोन बॅगा घेऊन आलो?"

मंडळाच्या गणपतीत, भारतात गेले की मामाच्या ओसरीवर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर दर दोन महिन्यांनी हा प्रश्न येतोच. की तू इतकी वर्षं अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला आहेस, सांग बरं, अमेरिकेत गुलामगिरी संपून दीडशेच्या वर वर्षं झाली, कायद्यानं आता सगळे सारखे, मग काळ्या लोकांकडे अजून पैसा का नाही, आणि सरकारनं त्यांच्यासाठी वेगळं काही का करायचं? आपण नाही का दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो? विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

त्या दोन बॅगांपासूनच सुरू करते. माझ्या बॅगेत कपडे, कुकर, गोडा मसाला आणि एका फोल्डरमध्ये बँकेचं लोन सँक्शन लेटर होतं. ते लोन मिळालं कऱ्हाडजवळच्या आमच्या सव्वातीन एकरावर. सातबारावर बोजा चढला, माझं एमएस झालं, नोकरी लागली, तिसऱ्या वर्षी बोजा उतरला. आता ती सव्वातीन एकर आमची कशी झाली ते बघा. आजोबा तिथे कूळ होते, मालक पुण्यात राहायचे. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कसणारा मालक ठरला, मग आजोबांनी ठरलेली किंमत हप्त्याहप्त्यानं भरली आणि ३२ म चं प्रमाणपत्र हातात आलं. तो कागद बाबांनी अजून ट्रंकेत ठेवलाय, घड्यांवर फाटलाय म्हणून मागून पातळ कागद चिकटवलाय. आजोबा राबले हे खरंच, पण पणजोबाही तेवढेच राबले होते, आणि ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक गुंठासुद्धा नव्हता. मधल्या एका पिढीत जे बदललं ते सरकारनं केलेल्या कायद्यानं बदललं, आणि माझ्या दोन बॅगांच्या खाली ती जमीन होती.

अमेरिकेतही सरकारनं लोकांना असंच वर उचललं, फक्त कोणाला उचललं ते बघायला हवं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं एकेका कुटुंबाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळाली, अशी सगळी मिळून सुमारे २७ कोटी एकर वाटली गेली (तीही मूळ रहिवाशांकडून घेतलेली, तो वेगळाच विषय), आणि घेणारी बहुतेक सगळी कुटुंबं गोरी. गुलामगिरीतून सुटलेल्यांना यादवी युद्धातले उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये ४० एकरपर्यंतचे तुकडे द्यायचा हुकूम काढला, लोकांनी तिथे पेरणीही केली, आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत दिली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या ट्रंकेतला तो कागदच डोळ्यांपुढे आला. तो कागद आजोबांकडून सहा महिन्यांत काढून घेतला असता तर बाबा मास्तर झाले नसते आणि मी इथे नसते.

मग १९३० च्या दशकात घरं आली. सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, हिरवं म्हणजे कर्जाला सुरक्षित, लाल म्हणजे धोका, आणि ब्लॅक वस्ती असली की जवळजवळ हमखास लाल. १९३४ पासून सरकार गृहकर्जांची हमी घ्यायला लागलं, ती हमी गोऱ्या उपनगरांना मिळाली. इथे शेजारी वेस्ट हार्टफर्डमध्ये १९४० च्या सुमाराला झालेल्या काही वसाहतींच्या कागदपत्रांत चक्क अट आहे, की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचं नाही, घरातले नोकर असतील तर चालेल. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा जीआय बिल कायदा होता, घराला आणि धंद्याला सरकारी हमीचं कर्ज. मिसिसिपीतल्या शहरांची १९४७ ची पाहणी आहे, ३ हजारांवर कर्जांमधली ब्लॅक सैनिकांना मिळाली फक्त २. त्याच लढाईतून आलेली माणसं ही.

घरावरून भेदभाव करायला बंदी आली १९६८ मध्ये. तोवर गोऱ्या कुटुंबांच्या घरांच्या किमती वाढून मुलांची कॉलेजं झाली होती, त्या मुलांच्या घरांची डाउन पेमेंटं झाली होती. लोक पगार बघतात आणि तिथेच चुकतात. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, अशा) गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाची सुमारे ४५ हजार, म्हणजे सहापट फरक, पगारातला फरक याच्या जवळपासही नाही.

माझ्या ऑफिसात एक ब्लॅक मैत्रीण आहे, आम्ही एकाच वर्षी लागलो, पगार सारखाच. मी घर घेतलं तेव्हा बाबांनी रस्त्याकडेची वीस गुंठे विकून पैसे पाठवले. ती दर महिन्याला आईला पैसे पाठवते, एका वर्षी आजीच्या घराचं छप्पर केलं, एका वर्षी भावाचं हॉस्पिटलचं बिल भरलं. पंधरा वर्षांनी माझ्याकडे घर आहे आणि ती भाड्यानं राहते. तिनं उधळपट्टी केली असं कोणी म्हणून बघा माझ्यासमोर.

आणि आपण भारतीय पुढे गेलो त्याचंही सांगते, आपल्याला दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, तो ब्लॅक लोकांच्या सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे नागरी हक्कांच्या, लढ्याच्या लाटेत झाला, आणि त्यातून बरेचसे शिकलेलेच आत आले. ब्लॅक लोकांशी तुलना करताना निदान एवढं लक्षात ठेवा.

मग सरकारनं काय करावं? शिकागोजवळच्या एव्हनस्टन गावानं गांजाच्या विक्रीवरच्या कराचे पैसे बाजूला काढले आणि १९१९ ते १९६९ मध्ये तिथे राहिलेल्या ब्लॅक रहिवाशांना किंवा त्यांच्या वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. मला ते पटतं कारण ज्या गावानं नुकसान केलं तेच गाव भरपाई करतंय, पण एक गाव किती करणार. देशपातळीवर २०२१ मध्ये ब्लॅक आणि इतर अल्पसंख्याक शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा कायदा झाला, तर वंशावरून वेगळी वागणूक नको म्हणून कोर्टांनी तो अडवला आणि पुढच्या वर्षी तो रद्दच झाला.

म्हणून मला सगळ्यात आशा वाटते ती बेबी बाँड्सची, म्हणजे गरीब बाळाच्या नावानं सरकारनं जन्मताच गुंतवून ठेवलेल्या पैशांची. मूळ कल्पना विल्यम डॅरिटी आणि डॅरिक हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञांची, आणि राज्यांमध्ये ती पहिल्यांदा अमलात आणली आमच्या कनेक्टिकटनं. १ जुलै २०२३ पासून जन्मलेल्या ज्या बाळाचं बाळंतपण गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून होतं, त्याच्या नावानं राज्य ३,२०० डॉलर गुंतवतं, आणि १८ ते ३० वयात ते घर, शिक्षण, धंदा किंवा म्हातारपणाच्या तरतुदीला काढता येतात. यात वंश बघत नाहीत, त्यामुळे कोर्टात अडकायची भीती कमी, आणि गरिबी जिथे जास्त तिथे आपोआप जास्त पोचतं. रक्कम फार कमी आहे हे मी प्रत्येक वेळी सांगते. सिनेटर कोरी बुकर यांच्या विधेयकात गरीब मुलाला दरवर्षी २ हजारांपर्यंत भर होती, तसं पाहिजे. २०२५ च्या कायद्यानं देशभरात नव्या बाळांना १ हजार डॉलर मिळतात, पण ते सगळ्यांना सारखे, वर ऐपत असलेले आईबाप दरवर्षी ५ हजारांपर्यंत घालू शकतात, त्यानं दरी कशी बुजणार?

त्या मैत्रिणीच्या भाचीला ऑगस्ट २०२३ मध्ये मुलगी झाली. भाचीला या योजनेचा पत्ताच नव्हता, आम्ही दोघींनी लंच ब्रेकमध्ये राज्याचं पान उघडून वाचलं, काही भरावं लागत नाही, नाव आपोआप लागतं, पैसे काढताना फक्त राज्यात राहत असावं लागतं आणि पैशांच्या व्यवहाराचा एक छोटा कोर्स करावा लागतो. मैत्रिणीनं लगेच फोन लावला आणि सांगितलं, अगं, तुझ्या पोरीच्या नावावर पैसे आहेत. पलीकडून भाची दोनदा विचारत होती, म्हणजे परत द्यायचे नाहीत ना?