बटाट्यासाठी प्याला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिल्म सोसायटीत खेळ संपून चर्चा सुरू झाली की कुणीतरी हमखास विचारतं, "जुन्या रशियन सिनेमाबद्दल बोलताना तुम्ही दर वेळी जेवणाखाण्यावर कशा येता? आयझेनस्टाइनचं संकलन, तारकोव्हस्कीचा पाऊस, एवढं सगळं असताना तुमचं लक्ष आपलं ताटात काय वाढलंय तिकडे."

असतं खरं. आणि ते आईमुळे लागलं.

आई माणदेशातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनचा लाल मिलो, यांवर त्या घरानं दिवस काढले. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी यूट्यूबवर 'फेट ऑफ अ मॅन' (1959) बघत होते. मोसफिल्म या रशियन स्टुडिओनं आपले बरेच जुने सिनेमे तिथे ठेवलेत. आई शेंगा निवडत शेजारी बसली होती. तिला रशियन येत नाही, इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत. मी अधूनमधून सांगत होते.

सर्गेई बोंदार्चुकनं सिनेमा केला आणि नायक सोकोलोव्हही तोच झाला. जर्मनांच्या छावणीतला युद्धकैदी, उपासमारीनं नुसता सापळा उरलेला. कमांडंट त्याला गोळी घालायच्या आधी ग्लासभर दारू आणि पाव-चरबी पुढे करतो. जर्मनीच्या विजयासाठी पी म्हणतो, तर हा नको म्हणतो. मग स्वतःच्या मरणासाठी पी म्हटल्यावर ग्लास रिकामा करतो, पण पावाला हात लावत नाही. पहिल्या ग्लासानंतर मी काही खात नाही, म्हणतो. दुसरा ग्लास. दुसऱ्यानंतरही खात नाही. रशियात दारूच्या घोटामागे घास हवाच. तो घास हा माणूस शत्रूसमोर नाकारतो आणि आपण टेबलावरच्या त्या पावाकडे बघत राहतो. कमांडंट शेवटी त्याला सोडून देतो आणि वर एक अख्खा पाव आणि चरबीचा तुकडा हातात ठेवतो. ते छातीशी धरून तो झोकांड्या खात बराकीकडे निघतो.

तेव्हा आई शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "एकटा नाही खायचा तो."

पुढचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. बराकीत पाव कसा वाटायचा म्हणून साथीदार विचारतात, तर हा म्हणतो, सगळ्यांना सारखा. शोलोखोवच्या मूळ कथेत पाव दोऱ्यानं कापतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काड्यापेटीएवढा तुकडा येतो. चरबी तर ओठांना लावण्यापुरती. दोऱ्यानं कापायचं हे आईला फार पटलं. सुरीनं चुरा सांडतो, म्हणाली.

त्या दिवसापासून मी हे सिनेमे आईच्या नजरेनं बघते. ते करणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या घरात भूक येऊन गेली होती. 1941 च्या हिवाळ्यात वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये नोकरदारांना, घरातल्या अवलंबितांना आणि मुलांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. हे ज्यांनी सोसलं ते पुढे थेटरात जाऊन बसले. पडद्यावरचा पाव खरा की खोटा हे त्यांना लगेच कळणार.

सुरुवातच बघा ना. 'बॅटलशिप पोटेमकिन' (1925) मध्ये बंडाची ठिणगी मांसातल्या अळ्यांवरून पडते. जहाजाचा डॉक्टर चश्म्याची घडी करून भिंगासारखा धरतो, त्यातून वळवळ दिसते, तरी मांस चांगलं आहे म्हणतो. मग एक तरुण खलाशी अधिकाऱ्यांच्या बश्या विसळताना एका बशीवरची अक्षरं वाचतो : आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आणि ती बशी आपटून फोडतो. त्या फुटण्याचे तुकडे आयझेनस्टाइननं वेगवेगळ्या कोनांतून असे जोडलेत की हात जणू दोनदा उगारला जातो. संकलनाचे विद्यार्थी हा प्रसंग शॉट मोजत बघतात, बघावाच. पण बशीवर काय लिहिलं होतं तेही लक्षात ठेवा.

याच्या उलट 'कुबान कोसॅक्स'. 1950 साली आलेला हा रंगीत, गाण्यांनी भरलेला सिनेमा. सामुदायिक शेतीची जत्रा, टरबुजांच्या राशी. तीन वर्षांपूर्वी, 1946–47 मध्ये, त्याच देशात दुष्काळानं माणसं मेली होती. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह, त्यानं 1956 च्या भाषणात अशा सिनेमांना धरलं, की यांत टर्की आणि हंसांच्या वजनानं टेबलं वाकतात आणि स्टालिनला वाटायचं की खेड्यात खरंच तसं आहे. गाणी गोड आहेत, पण मला तो सिनेमा बघवत नाही.

आणि ज्या सिनेमासाठी मी हे सगळं सांगतेय तो मार्लेन खुत्सिएव्हचा 'आय ॲम ट्वेंटी'. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं मॉस्को, तेविशीतला सेर्गेई, वडील युद्धात गेलेले. घरात जुन्या पुस्तकात पावाची रेशनकार्डं सापडतात, युद्धाच्या दिवसांत हरवलेली. कार्डं हरवली म्हणजे महिन्याचा पाव गेला. मग सेर्गेईची आई सांगते, तेव्हा शेतातून बटाटे खणून आणले आणि त्यावर जगलो. सिनेमात नंतर एक पार्टी आहे. चांगल्या घरातली हुशार पोरं, बटाट्यावरून थट्टा चाललेली. सेर्गेई बटाट्यासाठी प्याला उचलतो. तू कोणत्या गोष्टी गांभीर्यानं घेतोस, असा विषय निघाल्यावर तो म्हणतो : क्रांती, इंटरनॅशनल हे कामगार चळवळीचं गाणं, स्टालिनच्या धरपकडीचं सदतीस साल, युद्ध, सैनिक, आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच वडील नाहीत ही गोष्ट. आणि बटाटा, ज्यानं उपासाच्या दिवसांत आपल्याला जगवलं.

मग त्याला मेलेले वडील भेटतात, सैनिकाच्या वेषात. मी कसा जगू, विचारतो. वडील त्याचं वय विचारतात. तेवीस. आणि मी एकवीस, म्हणतात. पोरगा बापापेक्षा मोठा झालाय. ख्रुश्चेव्ह 1963 मध्ये याच प्रसंगावर भडकला, बाप मुलाला उत्तर देत नाही म्हणजे काय म्हणून. टेबलांवरचे खोटे हंस ज्याला दिसले होते त्याला हे झेपलं नाही. काटछाट होऊन सिनेमा 1965 ला लागला. मूळ रूपात तो 1988 मध्येच दिसला.

विनोदी सिनेमांबद्दल थोडंच बोलते. नववर्षाच्या मेजवानीवरचा 'आयरनी ऑफ फेट' 1976 च्या 1 जानेवारीला टीव्हीवर आला, आणि त्यातलं जेलीतल्या माशाला नावं ठेवणारं वाक्य तिथे म्हणीसारखं वापरतात. (आपल्या लग्नाच्या बुफेतलं 'रशियन सॅलड' हे त्यांच्या नववर्षाच्या ऑलिव्हिए सॅलडचंच भावंड.) 'व्हाइट सन ऑफ द डेझर्ट' (1970) मध्ये कॅस्पियनच्या काठावर राहणाऱ्या जकात अधिकाऱ्यापुढे बायको वाडगाभर काळं कॅव्हिआर ठेवते. तो वैतागतो : रोज रोज हेच कसं खाऊ, जरा पाव तरी मिळवायचास! लोक हसतात. आई हसली नाही. "पाव नसेल तर काय करायचंय ते," एवढंच म्हणाली.

तिचा सगळ्यात आवडता शेवट 'मॉस्को डज नॉट बिलीव्ह इन टिअर्स' (1980) चा. रुसून गेलेला प्रियकर गोशा परत आलाय, स्वयंपाकघरात टेबलाशी बसून सूप पितोय. कारखान्याची डायरेक्टर असलेली कातेरिना समोर बसून डोळ्यांत पाणी आणून नुसती बघतेय. किती शोधलं मी तुला, म्हणते. आठ दिवस, तो म्हणतो. नाही, किती शोधलं मी तुला.

आई म्हणाली, "तिला म्हणावं, रडू नंतर. त्याला अजून वाढ."