तिखट इथलं, गिऱ्हाईकही इथलं

आमच्या मसाल्याच्या कारखान्याची सुरुवात नागपूरच्या इतवारीतल्या भाड्याच्या गाळ्यात, एका कांडप मशीनवर झाली. उन्हाळ्यात आसपासच्या बाया वर्षभराची मिरची घेऊन यायच्या आणि समोर उभं राहून कांडून घ्यायच्या. तिखटात काय पडतं आणि काय पडत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमचं नाव झालं ते त्याच भरवशावर.

पुढे त्यांनीच तयार सावजी मसाला मागायला सुरुवात केली. सावजी म्हणजे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. त्याचा मसाला ताजाच हवा. दळलेल्या तिखटाचा रंग आणि वास पडून राहिला की उतरतोच. म्हणून आम्ही थोडा थोडा माल दळतो आणि तो शहरातच खपवतो.

मिरची कळमन्याच्या बाजारातून येते, काही भिवापूरच्या शेतकऱ्यांकडून थेट. हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद, दोघींना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या त्या गावच्या नावाची कायदेशीर ओळख आहे. तरीही रोगराई आणि संकरित वाणांपुढे भिवापुरी मिरचीचं क्षेत्र फार घटलं. घेणारंच कोणी नसेल तर शेतकरी ती लावेल कशाला?

आपल्या शहरातला माल घ्या, असं आवाहन झालं की दिवाळीच्या स्टॉलवर गर्दी होते. ती आम्हाला हवीच आहे. पण कारखाना दर महिन्याच्या मागणीवर चालतो. एका वसतिगृहाच्या मेसने आमच्याकडून नियमित तिखट-हळद घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना आम्ही पहिल्यांदा बाराही महिने काम देऊ शकलो. मेस आमच्या बिलाचे पैसे आठवड्याभरात देते. उलट एका मोठ्या दुकान-साखळीने आमचा माल मानाने मांडला, पैसे मात्र महिनोन् महिने अडकवले. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने लहान माणूस तक्रारच करत नाही. आमचं ठाम मत आहे, भाऊ, की स्थानिक खरेदीत वेळेवर पैसे देणंही आलं.

मोठं दळणयंत्र घेताना सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळालं. आता क्षमता आहे. येत्या हंगामात शेतकऱ्यांनी मिरचीची रोपं टाकायच्या आधीच त्यांच्याशी भाव ठरवायचा आहे. त्यासाठी नागपुरातल्या मेस, खानावळी आणि केटरर मंडळींनी आपली वर्षाची अंदाजे मागणी आत्ताच कळवावी. नमुन्याचा माल आम्ही पोचवून देऊ. आधी एक भाजी करून पाहा, मग ठरवा.