मॅडम, बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही

एनईपी, म्हणजे नवं शिक्षण धोरण, आल्यापासून कॉलेजात फील्ड प्रोजेक्ट सगळ्यांनाच करावा लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्टाफरूमच्या दारात मुलांची रांग लागते, "मॅडम, टॉपिक द्या ना." मीही बरीच वर्षं टॉपिक देत आले. कुणाला झिंक ऑक्साईडचे नॅनोपार्टिकल्स, कुणाला कुठल्या तरी पानांचा अर्क, आणि मग मुलं झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या बॅचचा प्रोजेक्ट आणून वरचं नाव बदलायची, मी सही करायचे. ती सही करताना वाईट वाटायचं, पण एकेका शिक्षकाकडं तीस-चाळीस मुलं, त्यातले अर्धे शिक्षक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, ज्यांना लेक्चरचे पैसे मिळतात पण प्रोजेक्टसाठी दिलेल्या तासांचे कुणी मोजत नाही, तिथं कोण कुणाजवळ बसणार?

दोन वर्षांपूर्वी एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी आली. मार्क जेमतेम, प्रॅक्टिकलला मागं उभी राहणारी. मी टॉपिक द्यायच्या ऐवजी सहज विचारलं, घरी पाणी कुठलं गं तुमच्याकडं? तर म्हणली, "बोअरचं. पण मॅडम, त्यात डाळ शिजत नाही, आजी वरणासाठी आडाचंच पाणी आणायला लावते."

म्हणलं, हाच तुझा प्रोजेक्ट.

तिनं बोअर, आड आणि नळ अशा तिन्हींचं पाणी बाटल्यांत आणलं. हार्डनेस, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते, काढायची पद्धत तिला येतच होती, त्यांना पकडणारं ईडीटीए ब्युरेटमध्ये (खुणांच्या नळीत), कोनिकल फ्लास्कमध्ये 50 मिली पाणी, पीएच 10 वर ठेवणारा अमोनिया बफर, रंग दाखवायला एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि वाईन रेडचा निळा झाला की थांबायचं. बोअरच्या पाण्याला ईडीटीए लागलं 18.2 मिली, मग 18.3. हिशोबानं लिटरला साधारण 364 मिलिग्रॅम. आडाचं 190 च्या आसपास. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याचं स्टँडर्ड आहे आयएस 10500, त्यात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालतं, म्हणजे बोअरचं पाणी 600 च्या आत बसत होतं पण आजीच्या वरणात बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच पाण्याचं रीडिंग आलं 21.0. वहीत बघितलं तर तिनं व्हाइटनर लावून 18.2 केलेलं. मला राग आला नाही, कारण हे आम्हीच शिकवलंय त्यांना, सीबीआर, म्हणजे लागोपाठची रीडिंग सारखी येणं, जुळला नाही की मार्क कापतो आपण. मी तिला तिथंच स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, खरा आकडा परत लिही, आता हा का आला ते शोधू. दोन दुपारी गेल्या त्यात. ईडीटीए नवीन केलं, पिपेट बदललं, काही फरक नाही. शेवटी तिच्याच लक्षात आलं की रंग निळा न होता जांभळ्यावर अडकतोय, आणि बफरच्या बाटलीचं बूच सैल होतं. अमोनिया उडून गेलेला, पीएच उतरलेला, एंड पॉइंटच, म्हणजे कुठं थांबायचं तेच, नीट दिसत नव्हता. नवा बफर केला आणि 18.2. तिचा चेहरा त्यावेळी बघायला हवा होता तुम्ही!

त्यानंतर ती टॉपिक मागायची थांबली. डाळ कुकरमध्ये न लावता बीकरमध्ये उकळून बघितली, आडाच्या पाण्यातली बोटानं चिरडत होती तेव्हा बोअरच्या पाण्यातली अजून कडक होती. मी समजावलं की डाळीतल्या पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून दाणा मऊ पडत नाही. तर म्हणली, "मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये नुसतं कॅल्शियम क्लोराईड टाकून बघू का? तसंच झालं तर कॅल्शियममुळंच म्हणता येईल ना?" हे मी सुचवलं नव्हतं. करून बघितलं, आणि तसंच झालं.

आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला तिचं पोस्टर लावलं, पुढच्या फेरीत गेलं नाही. पण जजनं रीडिंगमधल्या फरकाबद्दल विचारल्यावर तिनं बुचाची सगळी गोष्ट न अडखळता सांगितली, मी मागं उभी राहून ऐकत होते. आता चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात. ती त्यात बसणार नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. मार्क बघून रिसर्चला मुलं निवडायची तर ही मुलगी आम्हाला कधी दिसलीच नसती.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला, आजीनं विचारलंय, आडाचं पाणी चांगलं निघालं म्हणता तर ते प्यायलाही चालेल का? मी गप्प झाले. आम्ही हार्डनेस मोजला होता, त्यात जंतू आहेत का, नायट्रेट किती आहे हे बघितलंच नव्हतं. सांगितलं, तोवर उकळूनच प्या म्हणावं. सोमवारी मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना भेटले, त्यांच्याकडच्या दोन मुली आणि आमचा एक मुलगा रविवारी आडावर जाणार आहेत, बाटल्या ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करून, ठेवल्यात.